मदत हवी आहे: उच्च शिक्षणाच्या निधीसाठी निवेदन देतोय, आकडे कुठून काढायचे?

राम राम मंडळी. आम्ही धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कॉलेजांतले काही विद्यार्थी प्रतिनिधी. अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना उच्च शिक्षणाच्या निधीबद्दल निवेदन द्यायचं ठरलंय. निवेदनं काय, सगळेच देतात. फोटो निघतो आणि कागद फाईलला लागतो. म्हणून यात ठोस आकडे हवेत.

कोठारी शिक्षण आयोगापासून (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावा असं म्हणतात, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच आहे. पण आमदारसाहेब म्हणणार, "ते दिल्लीचं झालं, आपल्याकडचं बोला." तिथेच अडलोय. राज्याच्या बजेटमध्ये २२०२ या लेखाशीर्षाखाली (म्हणजे सर्वसाधारण शिक्षणाच्या खर्चाच्या खात्याखाली) विद्यापीठ व उच्च शिक्षणाचा भाग सापडला. त्यात आपल्या बहिणाबाई विद्यापीठाला मंजूर किती आणि प्रत्यक्ष मिळाले किती, हे कसं शोधायचं? लेखा विभागातलं कुणी असेल तर सांगा ना. माहिती अधिकाराचा अर्ज विद्यापीठात टाकायचा की जळगावच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात? उत्तराला ३० दिवसांची मुदत, त्यामुळे घाई आहे.

दुसरं, पहिली मागणी कोणती ठेवावी यावरून आमच्यातच जुंपलीय. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याची पोरं म्हणतात वसतिगृह आधी. मला वाटतं प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा आधी, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, किती दिवस ढकलणार? शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, हे तर आहेच. अशा कामाचा अनुभव असलेल्या दादा-ताईंनी मत द्या, आणि निवेदनाचा चांगला नमुना असेल तर इथेच टाका.