मदत हवी आहे: रुग्णालयांतल्या बड्या पगारांवर जादा कर मागायचा, पण कुणाकडे?

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. धर्मादाय (म्हणजे ट्रस्टने चालवलेल्या) रुग्णालयांतल्या वरिष्ठांच्या ठरावीक मर्यादेवरच्या पगारावर जादा कर लावा आणि तो पैसा गरीब पेशंटच्या उपचारांना द्या, अशी मागणी. निवेदन आमदारांना द्यायचं ठरलंय आणि तिथेच गाडी अडलीय.

पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा. राज्याच्या हातात नोकरी-धंद्यावरचा प्रोफेशन टॅक्स, पण राज्यघटनेच्या कलम 276 नुसार तो वर्षाला 2,500 रुपयांच्या वर नेताच येत नाही. माझी सून नर्स आहे. तिच्या सॅलरी स्लिपवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात. सीईओसाहेबांचेही तेवढेच कापणार! मग आमदार करणार काय?

अमेरिकेत 2017 च्या कायद्याने करमुक्त संस्थांतल्या 10 लाख डॉलरवरच्या पगारांवर 21 टक्के कर बसवला, त्यात रुग्णालयंही आली. पण तो संस्थेला भरावा लागतो आणि जातो सरकारच्या तिजोरीत, आरोग्यासाठी वेगळा राहत नाही. आपल्याकडे तसं केलं तर बोजा फिरून पेशंटच्या बिलावर येईल, असं संघातले एक निवृत्त बँकवाले म्हणतात. मला पटतं. बाकीच्यांना नाही, त्यावरून बैठकीत चांगलीच जुंपली.

म्हणून दुसरी वाट सुचतेय. ट्रस्टना लागू असलेला सार्वजनिक विश्वस्त कायदा राज्याचा. त्याच्या कलम 41 एएखालच्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आणि बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. पगार अमुक रकमेवर गेला की याच निधीत जादा भरा, अशी अट घालता येईल का? वकील मंडळींनी सांगावं.

शिवाय, ट्रस्टवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांकडे दिलेल्या हिशेबात वरिष्ठांचे पगार वेगळे दिसतात, की सगळं आस्थापना खर्चात एकत्र? शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालकांचा पगार सामान्य कर्मचाऱ्याच्या कितीपट ते छापावं लागतं. ट्रस्टना तसं काही आहे?

प्रतिसाद: काका, 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचं (1 एप्रिल 2026 पासून त्याच्या जागी 2025 चा कायदा) कलम 13 बघा. विश्वस्त, मॅनेजर किंवा त्यांच्या नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त पगार दिला, तर ट्रस्टची करसवलत अडचणीत येते. निवेदनात हा मुद्दा आधी घाला.

धागाकर्ता: घालतो. पण 'वाजवी' ठरवताना तुलना कुणाच्या पगाराशी करतात? दुसऱ्या बड्या रुग्णालयाशीच करत असतील, तर आमच्या हाती काय लागणार?