गोधडीच्या कापडाला पुठ्ठा की सनपॅक? (आपली सोसायटी ग्रुप)

नीता, बी-२०४: साडीच्या बॉक्समधले पुठ्ठे कोणाकडे आहेत का? गोधडीसाठी जमवलेलं सुती कापड गुंडाळून पुस्तकांसारखं उभं लावायचंय. आता कपाट उघडलं की अख्खी थप्पी अंगावर येते 😩

स्मिता काकू, ए-३०२: १५-२० निघतील, शर्टातले पण आहेत. घेऊन जा, फुकट.

मंगल आजी, ए-१०१: पुठ्ठा नको गं. माझे खण ३ वर्षं तसेच होते. गेल्या पावसाळ्यात उलगडले तर लिंबू रंगाच्या खणावर तपकिरी पट्टे, बरोब्बर पुठ्ठ्याच्या कडेच्या मापाचे. धुतले, उन्हात टाकले, जाईनात. आणि तळाशी कसर.

पराग, सी-५०१: टेरेसवर गणपतीच्या मखराचा सनबोर्ड पडलाय. कापून देऊ? जागा तरी मोकळी होईल.

वर्षा, सी-२०३: थांब पराग. सनबोर्ड पीव्हीसीचा. जुना होत गेला की त्यातून आम्ल सुटतं, म्हणून संग्रहालयवाले जुन्या कापडाजवळ पीव्हीसी ठेवत नाहीत. साध्या पुठ्ठ्यातलं आम्लही कापडात उतरतं, आजींचे पट्टे त्याचेच. शिवाय तो ओल धरतो, आणि खळ असली की कसरीची चंगळ.
नीता, सनपॅक घे. निवडणुकीचे बोर्ड असतात ना, आत पन्हळी असलेले, ते. पॉलिप्रोपिलीन असतं, ओल धरत नाही. फक्त कोरं घे, छापलेलं नको. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून ८ बाय १२ इंचाचे ४८ तुकडे निघतात. ४४ इंच पन्ह्याचं कापड काठाला काठ लावून दोनदा दुमडलं की ११ इंच होतं, १२ च्या तुकड्यावर छान बसतं.

नीता, बी-२०४: माझा कप्पा १० इंच उंच आहे 😭

वर्षा, सी-२०३: मग लांब बाजूवर आडवे उभे कर, ८ इंचच उंची लागेल. कापताना पन्हळीच्या दिशेने कटर सुर्रकन जातो, आडवा मात्र पट्टी धरून २-३ वेळा फिरव. कोपरे कानशीने गोल कर, नाहीतर मलमलीचा धागा ओढला जातो.

नीता, बी-२०४: टोक सुटू नये म्हणून टाचणी?

मंगल आजी, ए-१०१: टाचणी गंजते, रबर पावसाळ्यात चिकटतं. जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांध.

स्मिता काकू, ए-३०२: म्हणजे माझे पुठ्ठे नकोतच 🙄

वर्षा, सी-२०३: काकू, द्या हो! ठिगळं कापायला साचे करू.

मंगल आजी, ए-१०१: माझे १० तुकडे धर. पट्टे पडलेले खण मी टाकलेले नाहीत, गोधडीच्या मधल्या थरात जातील.

पराग, सी-५०१: आणि मखराचं काय करायचं ते कोणी सांगेल का?