व्हीलचेअर वापरणारे अधिकारी रुजू होणार आहेत, जुन्या इमारतीत काय काय बदलावं लागेल?

आस्थापना_शाखा:
इमारत दुमजली, लिफ्ट आहे. जोतं 45 सेंमी, दारापुढे तीन पायऱ्या आणि समोर कुंपणापर्यंत जेमतेम 4 मीटर जागा. कंत्राटदार म्हणतो 3 मीटरचा रॅम्प पुरे. खरंच पुरेल? आणखी एका अधिकारी मॅडमना कमी दिसतं, त्यांच्यासाठी काय करायचं?

काटकोन:
नाही पुरणार. 45 सेंमीला 3 मीटर म्हणजे चढ जवळपास 1:7. स्वतः चाकं ढकलणारा माणूस तो चढणार नाही आणि उतरताना खुर्ची आवरणार नाही. 1:12 धरा: नुसता उतार 5.4 मीटर, शिवाय वर-खाली 1.5-1.5 मीटर सपाट जागा. समोर मावत नाही, तेव्हा भिंतीला समांतर घ्या. दोन्ही बाजूंना कठडे, त्यांच्यामध्ये मोकळे 1.2 मीटर. वर चकचकीत टाइल अजिबात नको. ओल्या काँक्रीटवर आडवा झाडू ओढला की पकड येते. उंची मोजताना फरशी बसल्यानंतरची पातळी धरा. नाहीतर शेवटी दाराशी दोन सेंमीचा उंबरा उरतो आणि पुढची लहान चाकं नेमकी तिथेच अडतात.

नकाशेवाला:
रॅम्पचं ठीक, पण सगळे कार्यालयाच्या खिडकीच्या अलीकडचाच, म्हणजे कामासाठी येणाऱ्या लोकांचाच विचार करतात. अधिकारी बसतो पलीकडे! केबिनचं दार, अभिलेख कक्ष, सभागृहातलं व्यासपीठ, हजेरीचं यंत्र, सगळीकडे टेप लावून बघा. दार उघडल्यावर मोकळी रुंदी 90 सेंमी हवी (चौकटीचं माप सांगून फसवतात). टेबलाखाली गुडघ्यांसाठी 70 सेंमी उंची मोकळी, म्हणजे मधला खण काढावा लागेल.

शौचालयात खुर्ची वळायला 1.5 मीटरचं वर्तुळ, दार बाहेर उघडणारं. आत उघडलं आणि माणूस पडला, तर ते बाहेरून ढकलताही येत नाही. आधाराचे दांडे विटांच्या भिंतीतच ठोका; जिप्समच्या पडदीवर लावलेला दांडा वजन पडताच निघून हातात येतो. आणि कृपा करून तिथे झाडू-बादल्यांचं कोठार करू नका.

पांढरी_काठी:
मॅडमना आधी विचारा; कुणाला उजेड कमी पडतो, कुणाला झगझगाट सोसत नाही. एरवी प्रत्येक पायरीच्या कडेला 5 सेंमीची विरोधी रंगाची पट्टी, काचेच्या दारावर डोळ्यांच्या पातळीला ठळक पट्टा. जिन्याखालची उघडी पोकळी बंद करा, तिथे डोकं आपटतं.

आस्थापना_शाखा:
आग लागली तर? आणि व्यासपीठ 30 सेंमी उंच आहे.

नकाशेवाला:
आगीत नेहमीची लिफ्ट वापरायची नाही. वरच्या मजल्यावर जिन्यापाशी धूर न शिरणारी थांबायची जागा ठेवा, खाली उतरवायची खास खुर्ची आणि ती चालवायला शिकलेली दोन माणसं. सोपा उपाय, केबिनच तळमजल्यावर द्या, पण त्यांना विचारून.

व्यासपीठाला रॅम्प केला तर 3.6 मीटर खाईल. काढूनच टाका ते.