आईचं कनेक्टिंग विमान चुकलंय, कंपनी काहीच सांगत नाही. मदत हवी आहे

आई (वय ६८) एकटीच प्रवास करतेय. पहिलं विमान तीन तास उशिरा सुटलं. विमान बदलायला मध्ये जेमतेम दोन तास होते, म्हणजे पुढचं गेलंच. शेजारच्या सीटवरच्या मुलीच्या फोनवरून मेसेज आला, "उतरले. पळतेय. आई". त्याला आता पाच तास झाले. त्या मुलीला फोन केला, तर पासपोर्टच्या रांगेत दोघींची चुकामूक झालेली. आईच्या फोनवर पाठवलेल्या मेसेजला एकच टिक.

कॉल सेंटर म्हणतं, प्रवाशाची माहिती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मी मुलगा आहे म्हटलं, तर "सर, ते आम्हाला कसं कळणार?" यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत. ती नक्की कुठे आहे हे कसं कळेल? तिकिटाचा फोटो खाली दिलाय.

उत्तर १:
आधी तो फोटो उडवा, मग पुढचं वाचा! सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव, एवढ्यावर बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर कुणीही बुकिंग उघडून तिकीट रद्दसुद्धा करू शकतो.

आता तेच तुम्ही वापरा. साइटवर 'मॅनेज बुकिंग' उघडा. एकच तिकीट असल्याने पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. पुष्कळदा प्रवासी काउंटरवर पोचायच्या आतच सिस्टिमने नवं विमान टाकलेलं असतं. आई त्यात चढली का, हे तिथे कळेलच असं नाही. पण फ्लाइट नंबर मिळाला की विमान कुठवर आलं ते फ्लाइटरडार२४ वर बघता येतं. दुसरं विमान वेगळ्या कंपनीचं असेल तर त्यांचा पीएनआर वेगळा असू शकतो. तेव्हा १३ आकडी ई-तिकीट नंबर सांगा.

आणि कॉल सेंटरला "आई कुठे आहे" असं विचारूच नका. "घरी फोन कर, एवढा निरोप तिला द्या" म्हणा. माहिती द्यायला त्यांचे हात बांधलेले असतात, निरोप पोचवायला नाही.

धागाकर्ता:
फोटो उडवला, लाज वाटली. बुकिंगमध्ये उद्या सकाळी ६:४० चं विमान दिसतंय, सीट ३१सी. निरोपही ठेवलाय.

धागाकर्ता:
आत्ताच काउंटरवरच्या बाईंच्या फोनवरून आईचा फोन आला. बरी आहे. चष्मा मात्र पहिल्या विमानात, सीटसमोरच्या खिशात राहिलाय. तो परत मिळवायला कुणाला गाठायचं?