न्यूयॉर्क सोडलं तर अमेरिकेत शहरंच नाहीत म्हणे!

खडूस काका: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को पाहिलं की अमेरिका संपली, बाकी सगळीकडे तोच मॉल, तेच पार्किंग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

महाशय पिट्सबर्गला गेलेत का कधी? विमानतळाहून गावात येताना फोर्ट पिट बोगद्यापर्यंत नुसती झाडी आणि डोंगर. बोगदा संपला की थेट पुलावर! समोर अख्खं शहर, अलेघेनी आणि मोनोंगहेला मिळून ओहायो नदी होते तो संगम, आणि पिवळे पूल. शहरात मिळून ४४६ पूल धरतात. डोंगरावर चढायला १८७० पासूनची रुळांवरची तिरकी गाडी अजून चालू आहे. पोलादाचे कारखाने बुडाले, पण दवाखाने आणि विद्यापीठांनी गाव तगवलं.

दुसरं न्यू ऑर्लिन्स. १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलं, मग स्पॅनिश आले, १८०३ मध्ये अमेरिकेने विकत घेतलं. सेंट चार्ल्स रस्त्यावर १८३५ पासून ट्राम आहे. यात मॉल कुठे दिसला?

वरणभात: न्यू ऑर्लिन्सला शाकाहारी माणसाने खायचं काय ते आधी सांगा. 'रेड बीन्स अँड राइस' वाचून राजमा-चावल समजून हरखून मागवलं, तर चमच्यात पहिला तुकडा सॉसेजचा. शेवटी बेन्ये (तळलेले गोड पाव) खाऊन दिवस काढले. पिठीसाखर पार शर्टभर.

खडूस काका: विषय शहराचा आहे, ताटाचा नाही.

टेक्सासचा जावई: ह्यूस्टनचं नाव नाही? तिथे झोनिंगच नाही, म्हणजे कुठे घर, कुठे दुकान याची सरकारी आखणी नाही, त्यामुळे चर्चशेजारी टायरवाला आणि त्याला लागून टोलेजंग इमारत. हिलक्रॉफ्ट रस्त्यावर भारतीय दुकानांचा 'महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट', आणि लुइझियानाच्या केजन पद्धतीच्या क्रॉफिशला (झिंग्यासारखा प्राणी) व्हिएतनामी लोकांनी लावलेला लसूण-लोण्याचा तडका. याहून मजेदार शहर दाखवा.

ओहायोवाली: मजेदार?? माझे सासरे नणंदेकडे उन्हाळाभर ह्यूस्टनला होते. किराणा दुकान खिडकीतून दिसायचं, पण मध्ये हायवे. दूध आणायचं तर जावयाची ऑफिसमधून यायची वाट बघायची. रोज पहाटे कर्वे रोड पालथा घालणारा माणूस हो! फोनवर म्हणाले, "मला कोंडवाड्यात ठेवलंय." जिथे पायी जाता येत नाही ते शहर कसलं?

टेक्सासचा जावई: ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला पायी फिरायला कोण निघतो, ताई? आणि हायवेचं पाप एकट्या आमच्या माथी नको. काकांच्या लाडक्या न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न ॲव्हेन्यूवर ओकच्या रांगा होत्या, त्यांच्या सावलीत कृष्णवर्णीयांचा मार्डी ग्राचा उत्सव रंगायचा. साठच्या दशकात झाडं तोडून आय-१० हायवेचा पूल घातला. ते नाही सांगितलं काकांनी!

भुसावळ जंक्शन: डेट्रॉइटची ब्लॅक बॉटम वस्तीही अशीच हायवेखाली गेली. गरिबांचीच घरं बरोबर आखणीत येतात, हे काय फक्त तिकडचं आहे? उलटं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. १९८९ च्या भूकंपात किनाऱ्यावरचा एम्बार्केडेरोचा दुमजली हायवे खिळखिळा झाला, तो पाडून टाकला आणि किनारा मोकळा झाला. म्हणजे अक्कल यायला भूकंप लागतो.

आणि शिकागो कुणालाच आठवलं नाही? सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जातं म्हणून १९०० मध्ये या लोकांनी नदीच उलटी वाहवली. विवेकानंदांचं १८९३ चं भाषण तिथलंच, उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना, आपलं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये तिथेच स्थापन झालं.

वरणभात: आणि तिथल्या डेव्हॉन ॲव्हेन्यूवरच्या देशी हॉटेलांत पोटभर जेवायला मिळतं. माझं मत शिकागोला.

खडूस काका: बरं बाबा, शिकागो तिसरं. जानेवारीत तळ्यावरचा वारा खाऊन या, मग पहिलं म्हणा.

ओहायोवाली: क्लीव्हलँड मात्र कुणाच्या तोंडात येणार नाही. वेस्ट साइड मार्केट बघा एकदा.

टेक्सासचा जावई: १९६९ मध्ये जिथली नदी पेटली तेच ना? नदीला आग लागलेली चालते, फुटपाथ नसला की कोंडवाडा! धन्य आहे.

ओहायोवाली: पेटली, त्याचा गाजावाजा झाला, आणि १९७२ मध्ये देशाला स्वच्छ पाण्याचा कायदा मिळाला. तुमचे ह्यूस्टनचे बायू (संथ ओढे) २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या वेळी लोकांच्या दिवाणखान्यात शिरले. त्यानंतर तरी पाणथळ जागांवर काँक्रीट ओतायचं थांबलं का, तेवढं सांगा.