बी विंगच्या न्हाणीतला गुंता

सोसायटी ग्रुप, पर्वरी, गोवा. शनिवार सकाळ.

गावस (सेक्रेटरी): सुप्रभात. बी विंगची खालची लाईन परत तुंबली. प्लंबर दीड तास खपला. काय निघालं त्याचा फोटो टाकतोय. नाश्ता व्हायचा असेल त्यांनी उघडू नये.

गावस (सेक्रेटरी): ते मांजर नाही. केस आहेत.

राणे (बी-१०१): माझ्यावर संशय नको. माझ्याकडे द्यायला काही उरलेलं नाही.

शुभदा (बी-२०३): सॉरी हो सगळ्यांना. बहुतेक माझेच. दिवाळीपासून रोज न्हाताना मूठभर येतायत. आजच जाळी बसवते.

परब काकी (बी-३०१): अगो शुभदा, तुझं काय चुकलं त्यात? हे बोअरचं पाणी. बादलीच्या तळाला तांबूस साका बसतो तो बघितलास? आमच्या पेडण्याला विहिरीचं पाणी, आईची वेणी सत्तरीतसुद्धा कमरेखाली.

देसाई (ए-२०२): काकी, पाणी सगळ्या बिल्डिंगला एकच येतं. मग तुमचे कसे गळत नाहीत?

परब काकी: मी खोबरेल लावते. त्यात जास्वंद कढवून.

पल्लवी (ए-१०३): कांद्याचा रस लाव शुभदा. वास मारतो, पण माझ्या जावेला गुण आला.

देसाई: बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घे. ऑनलाइन मिळतात, संत्र्याच्या चवीच्या.

शुभदा: त्या सुरू केल्यात. पंधरा दिवस झाले. फरक शून्य.

पेडणेकर काका (बी-३०४): एक मिनिट. एकतीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा होतो, म्हणून विचारतो. शुभदा बाय, तीन महिन्यांमागे काय झालं होतं?

शुभदा: काही नाही काका.

शुभदा: हां, डेंग्यू. श्रावणात. चार दिवस अॅडमिट होते. चवथीला गणपतीवरची माटोळी बांधायलासुद्धा उठले नव्हते.

पेडणेकर काका: झालं तर मग. श्रावणात ताप, तुळशीच्या लग्नाला केस. हा हिशेब काउंटरवर शेकडो वेळा मांडलाय. डेंग्यू असो, टायफॉइड असो, नाहीतर बाळंतपण, ऑपरेशन, कडक डाएट. केस त्याच आठवड्यात जात नाहीत. दोन-तीन महिन्यांनी जातात, आणि तोवर माणूस ताप विसरलेला असतो. मग दोष शॅम्पूला नाहीतर पाण्याला.

शुभदा: पण एवढ्या उशिरा का?

पेडणेकर काका: लांब लिहितो, कंटाळू नका. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो. मग वाढ थांबते, दोन-तीन महिने नुसता जागेवर बसतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. एरवी शंभरातले दहाएक केस असे बसलेले असतात. म्हणून रोज पन्नास-शंभर गळणं हा नेम आहे, रोग नाही. मोठा ताप आला की शरीर खर्च आवरतं. केस वाढवणं हा त्याला फालतू खर्च वाटतो, म्हणून ते पुष्कळ केसांना एकदम बसवतं. आज न्हाणीत पडले त्यांना नोटीस श्रावणातच मिळाली होती. आता त्यांना चिकटवून ठेवणारं तेल नाही.

परब काकी: म्हणजे माझं तेल फुकट?

पेडणेकर काका: फुकट का काकी? खोबरेलाने केस मऊ राहतो, तुटतो कमी. पण ते सगळं त्वचेच्या वर. मुळाला त्याचा पत्ता नसतो. पाण्याचंही तसंच. जड पाण्याने केस राठ होतो आणि मधूनच तुटतो.

पेडणेकर काका: शुभदा, एक कर. गळलेले चार-पाच केस गडद कागदावर ठेव आणि टोक उजेडात बघ.

(वीस मिनिटांनी)

शुभदा: आर्यनच्या वहीच्या निळ्या कव्हरवर ठेवले. एका टोकाला खसखशीहून बारीक पांढरा ठिपका आहे. सातांतल्या सहांना. काका, हे मूळच उपटून आलंय का?? मी घाबरले.

पेडणेकर काका: मूळ नाही ते, विसावलेल्या केसाचा गड्डा. मूळ कातडीत शाबूत आहे. मधून तुटलेल्या केसाला ठिपका नसतो, म्हणजे पाण्याच्या वाट्याला तुझा फार तर एक केस. काकी, रागावू नका.

परब काकी: मी कशाला रागावू. बोअरचं पाणी वाईटच आहे, केस सोडून दे.

पेडणेकर काका: आणि तापात खाल्लंस काय?

शुभदा: पंधरा दिवस पेज आणि लोणचं. वर श्रावण, म्हणून मासे बंद. अंडीपण नाही.

पेडणेकर काका: केस प्रथिनाचा बनतो बाय. अळसांदे, मूग, अंडी, बांगडा, जे चालेल ते पोटभर खा. डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) करून घे. हिमोग्लोबिन बरं दिसतं आणि लोहाचा साठा रिकामा असतो, असं बायकांत नेहमीचं. ती बायोटिनची गोळी टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेव आणि घेत होतीस हे सांग. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

स्नेहल (ए-४०१): हे आधी कोणी सांगितलं असतं तर! मी एका क्लिनिकात पस्तीस हजारांचं पॅकेज घेतलं. डोक्यात इंजेक्शनं, सीरम, लेझरचा कंगवा. एकाने विचारलं नाही की वजन का वाढतंय, थंडी का वाजते. शेवटी घरच्या डॉक्टरांनी थायरॉइड पकडलं. रोजची गोळी दोन-तीन रुपयांची.

पेडणेकर काका: डॉक्टरची खरी फी प्रश्न विचारण्याची असते. ज्याने विचारलंच नाही त्याला कशाची दिलीत?

राणे: ते असो. मला डेंग्यू झाला नाही, थायरॉइड नाही. माझं शेत कोणी खाल्लं?

पेडणेकर काका: तुमचं कारण भिंतीवरच्या फोटोत. आजोबा बघा, दोन्हीकडचे. केस आईकडूनच येतात हे खोटं. कपाळाच्या कोपऱ्यांत आणि टाळूवर जी मुळं असतात ती डीएचटी नावाच्या हार्मोनला हळवी असतात. दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक येतो, शेवटी लव उरते. हेल्मेटचा काही दोष नाही, घालत जा. मागच्या बाजूची मुळं हळवी नसतात, म्हणून ट्रान्सप्लांटला तिथूनच केस घेतात.

देसाई: टकलावर लावायचं ते मिनॉक्सिडिल चालतं का? चुलत्याने महिनाभर लावलं, उलट जास्त गळले. बाटली फेकून दिली.

पेडणेकर काका: तिथेच सगळे फसतात. सुरुवातीचे एक-दोन महिने जुने केस आधी पडतात, फरक दिसायला चार ते सहा महिने. आणि सोडलं की जे कमावलं ते काही महिन्यांत जातं. मूळचं हे ब्लडप्रेशरचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या तोंडावर, हातांवर केस यायला लागले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. अमेरिकेत टकलासाठी लोशन म्हणून १९८८ साली मंजूर झालं. दुसरं फिनास्टेराइड. ते आधी प्रोस्टेटसाठी होतं, १९९७ साली १ मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी आली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही म्हणजे नाही. गरोदर बाईने तिचा चुरासुद्धा हाताळू नये. पुरुषांना काय त्रास होऊ शकतो ते राणेंना खासगीत सांगतो.

राणे: इथेच सांगा की.

राणे: नको, खासगीतच सांगा.

पेडणेकर काका: आणि राणे, तुमच्याकडे मन्या आहे. मिनॉक्सिडिल मांजरांना विष आहे. उशीवरचं चाटलं तरी जीव जाऊ शकतो. मन्या असेपर्यंत ती बाटली घरात नको.

पल्लवी: काका, आमच्या चिन्मयच्या डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत चकती झालीय. सासूबाई म्हणतात चाई लागली, किडा केस खातो. लसूण चोळतायत.

पेडणेकर काका: लसूण आज बंद. पोराचं कातडं भाजेल. चाईत किडा नसतो. शरीराची स्वतःची फौजच मुळांवर चालून जाते. लहान चकती पुष्कळदा आपोआप भरते. पण मुलांत गजकर्णही असतं. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे, मध्येच तुटलेले खुंट असले तर ते. त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने जात नाही. सोमवारी स्किनच्या डॉक्टरला दाखव. कंगवा, टॉवेल वेगळा ठेव.

पल्लवी: खाज नाही. तरी दाखवते.

(संध्याकाळी)

शुभदा: काका, आरशात बघत होते. भांगाजवळ बारीक केस उभे दिसतायत, बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत. मला वाटलेलं तुटलेत. टोकं मात्र निमुळती आहेत.

पेडणेकर काका: कापल्यातुटल्या केसाचं टोक बोथट असतं. ते नवे. अजून दोन-चार महिने गळतील, मोजत बसू नको. सहा महिन्यांपुढे चाललं, किंवा भांग रुंद होत गेला, तर मात्र डॉक्टर.

शुभदा: देव बरे करू काका.

गावस (सेक्रेटरी): प्लंबरचे १२०० झाले. बी विंगचे आठ फ्लॅट, प्रत्येकी १५०. उद्यापर्यंत द्यावेत.

राणे: बी-१०१ ला वगळावे ही नम्र विनंती. कारण सर्वांसमोर आहे.

गावस (सेक्रेटरी): प्लंबर म्हणतो त्यात पिवळे केसपण होते. मन्याला आंघोळ कोण घालतं?