पदवी झाली, तीन महिने लुंबिनीत धम्मसेवा करायची आहे. सल्ला हवा

पिंपळपान_२२
सर्वांना जय भीम. मी अकोल्याची. मे महिन्यात बीएसडब्ल्यूचा (समाजकार्याची पदवी) शेवटचा पेपर दिला. दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीला विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं मौन शिबिर केलं होतं. जेवणघरात एक मावशी रोज आमची ताटं मांडायच्या. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर कळलं की त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि महिनाभर बिनपगारी राबत आहेत. तेव्हापासून मनात एकच आहे, नोकरीला लागायच्या आधी मीही असं करायचं, आणि ते नेपाळात, बुद्धांच्या जन्मस्थानी, लुंबिनीत. माझी आजी १९५६ साली तिच्या आईच्या कडेवर दीक्षाभूमीवर गेली होती. लुंबिनी बघायची तिची इच्छा राहून गेली.
शिकवण्या घेऊन जमवलेले १८ हजार आहेत, त्यातच बसवायचंय. कागदपत्रं कोणती लागतात? कधी जावं? आई अजून तयार नाही.

सह्याद्रीपार
तुमची तळमळ पोचली. मी २०१९ मध्ये फ्रान्सला प्लम व्हिलेजमध्ये राहून आलो. थिच न्हात हान यांनी १९८२ साली सुरू केलेला विहार. बागेत काम, भांडी घासणं, सगळं सजगतेने. शेंगेन व्हिसा, विमान, राहणं धरून सव्वादोन लाख गेले, पण आयुष्य बदललं. जायचंच तर तिथे जा.

ओट्यावरची_मी
१८ हजार म्हणाली आहे ती.

धम्मसेवक_नाशिक
बारा वर्षं सेवा देतोय, म्हणून लिहितो. लुंबिनीत धम्म जननी नावाचं विपश्यना केंद्र आहे. एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्या साधकालाच सेवा मिळते, ते तुम्ही केलंय. अर्ज ऑनलाइन भरायचा. राहण्याजेवणाचे पैसे लागत नाहीत, मानधनही नाही. दिवसातून तीन तास सामूहिक साधनेला बसावं लागतं, उरलेला वेळ स्वयंपाकघर, झाडलोट, साधकांची सोय.
तीन महिने सलग मागू नका. आधी एका शिबिराची सेवा मागा. भात गाळताना चिडचिड होते, सोबतची सेविका टोचून बोलते, तेव्हा स्वतःचं मन कळतं. दोन शिबिरं सेवा केली की एकात स्वतः साधनेला बसा, नाहीतर थकाल.

सातपुडा_१०
ताई, राग मानू नका. सेवाच कराची हाय त नेपाळात कायले जाता? मी धारणीचा. मेळघाटात या. लेकरू आजारी पडलं त दवाखान्यात नेण्याआधी मायले समजावून सांगाले माणूस भेटत नाही. तुमी बीएसडब्ल्यू शिकल्या, तुमची गरज इथं हाय. तिकीट बी लागत नाही फार.

निळी_पाखरं
सातपुडांशी सहमत, आणि पुढे जाऊन म्हणते, विपश्यना म्हणजे धम्म नव्हे. बाबासाहेबांनी दीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये डोळे मिटून बसायला सांगितलेलं नाही. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले तेव्हा बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. समाज बदलायचा म्हणून गेले.

धम्मसेवक_नाशिक
बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्गही आहे, आणि सम्यक समाधी त्याचंच अंग. मी दोन्ही पाळतो.

निळी_पाखरं
तुम्ही पाळत असाल. आमच्या वस्तीतली पोरं शिबिरातून आली आणि वाचनालयाच्या बैठकीला यायची बंद झाली. मला त्याचं दुःख आहे.

जुना_प्रवासी
वेगळा धागा काढा ना. मुलीला रस्ता सांगा.
अकोल्याहून भुसावळ, तिथून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर. गोरखपूरहून सोनौलीला बस, साधारण तीन तास. सीमा पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवा, तिथून लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र ठेवा, आधारवर विसंबू नका. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा दर ठरलेला आहे, दलालाने कमी दिले तर पुढच्या दुकानात जा. मी सुट्ट्या नोटा नेल्या होत्या, त्या कामी आल्या.
पावसाळ्यात मात्र जाऊ नका. तराईचा, म्हणजे सीमेलगतच्या सखल भागाचा उकाडा आणि डास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

गुरुजी_लातूर
अशोकस्तंभ नीट बघा. १८९६ मध्ये सापडला. ब्राह्मीत कोरलंय की इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, आणि म्हणून या गावाचा बळी नावाचा कर माफ, पिकाचा फक्त आठवा हिस्सा द्यायचा. राजा दर्शनाला आला आणि गावकऱ्यांचा कर कमी करून गेला. मी वर्गात हे दरवर्षी सांगतो.

कडू_अनुभव
कृपा करून वाचा. मी पदवीनंतर अशाच ओढीने एका एजन्सीला ८० हजार भरून नेपाळमधल्या एका अनाथालयात शिकवायला गेले. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, दीदी, माझी आई गावात आहे. अनाथ नव्हतीच ती. पाहुणे पैसे देतात म्हणून मुलांना तिथे आणून ठेवलं होतं. मी तिला अ आ इ शिकवत राहिले आणि परत आले. आजही झोप लागत नाही. सेवा करायला पैसे मागणाऱ्या कुणाकडेही जाऊ नकोस.

विदर्भकन्या
मतदार ओळखपत्र नक्की ने. आणि पावसाळा टाळ, तिकडे फार डास.

दोन_लेकरांची_आई
पोरी, तुझ्या आईच्या जागी बसून सांगते. माझा मुलगा असाच बोधगयेला गेला होता. मला धर्माची भीती नव्हती, परदेशाचीही नव्हती. दहा दिवस फोन बंद, याची होती. जाताना त्याने केंद्राच्या कार्यालयाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावला आणि कोणत्या तारखेला फोन करेन ते खाली लिहिलं. मी रोज त्या कागदाकडे बघायचे. एवढंच कर.

सह्याद्रीपार
प्लम व्हिलेजची माहिती हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पिंपळपान_२२
सगळ्यांचे मनापासून आभार. कडू_अनुभव ताई, तुमचं वाचून रडले. सातपुडा दादा, तुमच्या म्हणण्यावर दोन रात्री विचार केला. धारणीला मी येणार आहे, नोकरी म्हणून, आणि तेव्हा तुम्हालाच विचारेन.
पण लुंबिनीला मी आषाढ पौर्णिमेच्या आधीच निघतेय. सगळ्यांनी पावसाळा टाळायला सांगितलं, पण आषाढ ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावास, भिक्खू पावसाळ्यात एकाच जागी राहतात तो काळ. आमच्या विहारात आजी या तीन महिन्यांत रोज ग्रंथवाचनाला जायची, चिखल असो की पूर. मला तेच तीन महिने द्यायचे आहेत. सेवक कमी येतात त्या दिवसांत, असं केंद्रातल्या ताई फोनवर म्हणाल्या. पहिल्या शिबिराचा होकार आला आहे. बाकीचं तिथे ठरेल.
फ्रीजवर कागद लावला. आईने तो वाचला, काही बोलली नाही, संध्याकाळी मच्छरदाणी घेऊन आली. आता म्हणतेय, गोरखपूरपर्यंत सोडायला येते.
तर आता दोन तिकिटं हवीत. भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसला वेटिंग दाखवतंय. तत्काळ काढावं की आणखी काही मार्ग आहे?